अकरा हजारांत तुटलेला पट्टा

स्कूटीच्या पोटात एक रबरी पट्टा असतो आणि तोच इंजिनाचं फिरणं मागच्या चाकाला पोचवतो, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. हा पट्टा साधारण वीस-बावीस हजार किलोमीटर चालतो, हेही त्याच दिवशी कळलं. माझा अकरा हजारांतच गेला होता.

त्याआधी पंधरा दिवस गाडी लक्षणं दाखवत होती. उभी गाडी निघताना तिचं अंग थरथरायचं. रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायला वेळ घ्यायची. रबर जळाल्याचा वास यायचा. तो वास शेजारीण कचरा पेटवते म्हणून येतो असं मी ठरवून टाकलं आणि तिच्याशी रीतसर भांडूनही घेतलं. शेवटी एका दुपारी, शाळेतून घरी येताना, मुरूडच्या रस्त्यावर फट्‌कन आवाज झाला. इंजिन चालू, चाक थांबलेलं. एका टेम्पोवाल्याने गाडी लातूरपर्यंत आणून दिली आणि मी नवऱ्याला फोन करून मेकॅनिककडे बोलावून घेतलं.

मेकॅनिकने झाकण उघडलं आणि पट्ट्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. कडा घासून चकचकीत झालेल्या, दातांच्या मधे चिरा.

"मॅडम, ब्रेक दाबून रेस देता का तुम्ही?" त्याने विचारलं.

मी शिक्षिका आहे. चूक काढायची सवय मला आहे, काढून घ्यायची नाही. त्यात ही गाडी मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले. मैदानावर दोनदा पडले, स्टाफरूममध्ये महिनाभर चेष्टा सोसली, पण शिकले. तेव्हापासून शाळेत जायला मला कुणाच्या मागे बसावं लागलेलं नाही.

"नाही देत," मी म्हटलं.

"मग अकरा हजारात कसा जाईल? नवा टाकतो, पण हात असाच राहिला तर त्यो बी तेवढ्यातच जाईल. त्यापेक्षा शाळेसाठी आटो लावा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी हा माणूस वर्तमानपत्रातल्या चुकांभोवतीसुद्धा लाल पेनाने गोल करतो. आता बायकोच्या हाताला नावं ठेवली जात होती आणि हे महाराज हेल्मेट पोटाशी धरून पंक्चरच्या दुकानाकडे बघत होते. तेवढंच एक वाक्य बोलले, "असेल, असेल." मला अशी चीड आली म्हणता.

तिथे दुसऱ्या कुणाची दुरुस्त झालेली स्कूटी उभी होती. मी मेकॅनिकला म्हटलं, "बस मागे." तो बसला. चौकापर्यंत गेले, भाजीच्या गाड्यांमधून काढली, सिग्नलला थांबले, परत आले. सगळा रस्ता तो माझ्या ब्रेकवरच्या बोटांकडे बघत होता.

"हात तर लई मऊ हाय मॅडमचा," उतरल्यावर तो म्हणाला आणि पट्टा पुन्हा उचलून उजेडात धरला. "मग ह्यो वझ्यानं गेलाय. लई वझं घेऊन चढ चढवला की पट्टा आतल्या आत घसरतो, तापतो. तुमच्या रस्त्यात चढ हाय का?"

शाळेचा रस्ता ताटासारखा सपाट. मला ठाऊक असलेला एकच चढ आईच्या गल्लीचा, आणि तिथे मी रविवारी रिकामी जाते.

माझी आई त्या चढावरच्या घरात एकटी राहते. उन्हाळ्यात तिथवर नळाचं पाणी चढत नाही. आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर येत नाही, कारण लेकीच्या घरचं पाणी ती पीत नाही. दिवसभरासाठी आली तरी स्वतःची बाटली घेऊन येते. आमच्याकडून जार पाठवला तर तोही नको. गेल्या उन्हाळ्यात मात्र पुण्याच्या माझ्या भावाने पाणीवाला लावून दिला. एक दिवसाआड भल्या सकाळी जार दारात. आईने लेकाचं कौतुक गल्लीभर केलं. मीही घरी येऊन नवऱ्याला सुनावलं होतं, की तो एवढ्या लांबून आईचं पाणी बघतो आणि तुम्हाला गावात राहून कधी सुचलं नाही. पाणीवाल्याबद्दल आईची एकच तक्रार होती. मेला तोंडातून शब्द काढत नाही, सदा डोक्यावर ते हेल्मेट. आईला मोतीबिंदू आहे. तिला हेल्मेट तेवढं दिसतं.

लातूरच्या गल्लीबोळांत हेल्मेट घालून फिरणारा यांच्याशिवाय दुसरा माणूस मला माहीत नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "सकाळी माझ्या गाडीत हवा भरायला जाता ना तुम्ही?"

"हो."

"पाऊण तास?"

त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. त्यांच्या मोटारसायकलला जार ठेवायला पुढे जागा नाही, हे मला आत्ता सुचत होतं. मेकॅनिकला माझ्याआधी समजलं असावं. त्याने माझ्या गाडीच्या पायदानावर उमटलेल्या जारच्या गोल खुणांकडे बघत विचारलं, "साहेब, किती जार न्हेता?"

"तीन. दोन पुढं, एक मागं दोरीनं बांधून."

"साठ लिटर पाणी अन् वर तुम्ही. पट्टा बिचारा काय करंल."

मला आधी राग आला तो यांचा, माझ्या हाताला नावं ठेवली जाताना गप्प बसले म्हणून. मग भावाचा आला. त्याला यांनी फोनवर पढवून ठेवलं असणार आणि तो दोन उन्हाळे फुकटचे आशीर्वाद खात बसला होता. मग स्वतःचा आला, आणि तो सगळ्यात मोठा होता. तिथेच, ऑइलच्या डब्यांमधे उभी राहून मी रडले.

"मला का नाही सांगितलं?"

"तू आईशी भांडली असतीस," ते म्हणाले. "आणि त्या तहानेल्या राहिल्या असत्या."

खोटं नव्हतं. मी भांडलेच असते.

मेकॅनिकने नवा पट्टा टाकला, त्याच्या जोडीचे झिजलेले रोलर बदलले, आणि यांना बजावलं की एका खेपेला एकच जार न्यायचा अन् चार हजार किलोमीटरला झाकण उघडून दाखवायचं. मला काहीच बजावलं नाही.

त्या रविवारी आईकडे गेले तर ती कुरकुरत होती. पाणीवाला आता एकेक जार आणतो, तीन-तीनदा दार वाजवतो, पूजेला नीट बसू देत नाही. "तुझ्या भावाला सांग," ती म्हणाली, "हा माणूस बदल म्हणावं."

"नको गं आई," मी म्हटलं. "राहू दे तोच."

"का? तुझ्या का ओळखीचा आहे?"

मी जारमधून तांब्याभर पाणी काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती पिऊन होईपर्यंत थांबले आणि तांब्या पुन्हा भरून तिच्याजवळ ठेवला.