सोनाबाईचा डावा कान

सोनाबाईचा फोन कधी तिच्या हातात दिसला नाही. डोक्याला बांधलेल्या फडक्यात, डाव्या कानावर तो घट्ट खोचलेला असायचा. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर दोन्ही हात वर असतात, एकात घड आणि दुसऱ्यात कात्री. फोन धरायला तिसरा हात आणायचा कुठून? हरसूलकडच्या बायकांची टोळी घेऊन ती दर हंगामात आमच्या गंगापूर भागात घडांच्या विरळणीला, दाटीचे मणी कापून काढायला यायची. एका बागेत काम चालू असतानाच पुढच्या बागांचे सौदे त्या फडक्यातून उरकायची.

मी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकली आणि त्यातून बाग उभी केली. भावात मला कुणी हरवलं नव्हतं. सोनाबाईने हरवलं. इनकमिंग फुकट झाल्यापासून ती फक्त मिस्ड कॉल द्यायची. मग पैसे माझे आणि घाईही माझी. मी एकरी दरावरून ओरडत राहायचो, पलीकडून नुसती कात्रीची कचकच ऐकू यायची. माझा दम संपला की म्हणायची, "झालं का भाऊ? मंग आता माझा भाव ऐका."

एकदा चिडून म्हणालो, "बाई, तुझ्या कानात दगड बसलाय का?"

"दगड नाय, तुम्हीच बसलेत. सकाळधरनं."

टोळीतल्या बायकांचं हसणं मला फोनवर ऐकू आलं.

पुढे तिचं डोकं डावीकडून दुखायला लागलं. ती फडकं आणखी आवळायची. मग शब्द सापडेनासे झाले. कात्रीला "ते हे, कापायचं" म्हणू लागली. एका सकाळी माझ्याच बागेत आकडी येऊन पडली. मी गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. डाव्या कानाच्या वर, मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी काढता आली नाही.

टोळी आता तिची मुलगी चंद्री सांभाळत होती, आईचाच फोन आईसारखाच बांधून. शुद्धीवर आल्यावर सोनाबाईने शब्द गोळा करत डॉक्टरांना विचारलं, "फोननं झालं का?"

"तसं सिद्ध झालेलं नाही."

"मग फोनने होत नाही, हे सिद्ध झालंय?" मी विचारलं.

"तेही आज खात्रीने सांगता येणार नाही. अभ्यास चालू आहेत."

मी टेबलावर हात आपटला. "हो किंवा नाही, एक काहीतरी बोला."

सोनाबाई म्हणाली, "माझं जाऊ द्या. पोरीनं बांधावा का नाय, तेवढं सांगा."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. बाजारात लबाड माणूससुद्धा शेवटी एक भाव सांगतो. इथे भांडायचं कुणाशी? गल्लोगल्ली फोन विकायच्या आधी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, हा सल मला आजही आहे.

मी चंद्रीला फोन पिशवीत ठेवायला लावला. त्याच आठवड्यात एका बागायतदाराचा फोन तिला ऐकू आला नाही. त्याने दुसरी टोळी बोलावली आणि हिच्या बायका बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा फोन पुन्हा कानावर. ते पाहून सोनाबाईने खाटेवरून हात उचलला आणि चंद्रीचं फडकं ओढायला लागली. चंद्रीने तो हात धरला. "आय, बायांना काय खाऊ घालू?"

ऑक्टोबरची छाटणी उरकत असताना ती गेली.

विरळणी तोंडावर आल्यावर मी चंद्रीला फोन लावला. तिने दर सांगितला. चढाच होता. तिच्या कानावरचं फडकं डोळ्यांपुढे आलं आणि मी लगेच हो म्हणालो.

तिने विचारलं, "भाऊ, बरं नाय का तुम्हाला?"

"बरा आहे. ठेव आता."

"आवो, पण..."

"ठेव म्हणतो ना," म्हणून मीच फोन बंद केला.

टोळीने कोणत्या दिवशी यायचं, ते ठरलंच नव्हतं. मला पुन्हा फोन लावावा लागला.