रुमालाखालचा भाव

हेडीमामा कुणीही भेटलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांचं उभं आयुष्य हेडी म्हणून, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देण्यात गेलं. "शिंगं रंगिवत्यात, दात घासत्यात. चाल न्हाई लपिवता येत. चालवून बघा," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

मंगळावर फिरणारी यंत्रगाडी त्यांना आवडली तीही चालीमुळेच. नातीनं मोबाईलवर तिची चित्रफीत दाखवली आणि मामा लिंबाखाली बसून ती साऱ्या बाजाराला दाखवू लागले. "मामा, हिच्यापरीस आमची गाभन म्हस पळंल की!" कुणीतरी म्हणायचं. "पळंल, आन् खड्ड्यात जाईल. ही एकेक दगूड बघून पाऊल टाकती," मामा ठणकावायचे. अशाच एका गाडीचं चाक अडकलं तेव्हा ती हाकणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिला उलटं चालवलं, हे कळल्यावर तर ते दिवसभर खुशीत होते. "आपन लंगड्या बैलाला बाजार दावतो. त्यांनी चालवून घेतलं."

सौद्याच्या वेळी मामा रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरून बोटं दाबत. बोटांवरून त्याला भाव कळे, बघणाऱ्यांना पत्ता लागत नसे. तिथं ठरलेला भाव मामांनी कधी फिरवला नाही आणि कधी बाहेर सांगितला नाही. हेडीपाशी स्वतःचं जनावर नसतं. त्याचा शब्द तेवढा असतो.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो. मंगळावर आपलंही यंत्र उतरवायची चर्चा सुरू होती, आणि त्यावर एवढा खर्च करावा का, हे लोकांना विचारून छापायचं होतं. मी मामांना विचारलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि चार बोटं दाबली. मग हळूच म्हणाले, "चार हजार. एका सबंद बाजाराची माझी दलाली, पदरची देतो. आकडा लिहू नको, रुमालाखालचा हाय. एवढंच लिही, हेडी म्हनला, धाडा गाडी. चालल्याबिगर जमीन कळत न्हाई."

कचेरीत सगळ्या प्रतिक्रिया खर्चाच्या बाजूनं आल्या होत्या. "विरोधात एक गावाकडचा माणूस हवा," असं मला सांगण्यात आलं. माझ्याकडे मामांचा फोटो होता. त्याखाली मी लिहिलं, 'आधी जनावरांच्या चाऱ्याचं बघा, मंगळ कशाला?' दोन मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या शुक्रवारच्या बाजारात तो अंक हातोहात फिरत होता. "काय मामा, आमाला गाडी दावता आन् पेपरात पलटी मारता व्हय?" एकानं चिडवलं. बैलाचा कासरा धरून उभा असलेला एक शेतकरी मात्र हसला नाही. "मंग आमच्या सौद्यात बी आसंच करताल," म्हणाला आणि दुसऱ्या हेडीकडे निघून गेला. मी चार पावलांवर उभा होतो. मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण ज्याचा हात रुमालाखाली धरला, त्याला ते चारचौघांत उघडं पाडत नसत. ते म्हणाले, "छापलंय म्हंजी म्हनलो आसंन."

लोक पांगल्यावर मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. वर बघितलंच नाही. "पत्रकार, माझा शब्द इकलास. भाव तरी बरा आला का?"

मामांनी मोबाईल पुन्हा बाजारात काढला नाही. खुलासा छापून आणणं माझ्या हातात होतं. दर शुक्रवारी ठरवायचो आणि वार्ताहरकी जाईल या भीतीनं गप्प राहायचो. अशी तीन वर्षं गेली.

मामांनी अंथरूण धरलं तेव्हा भेटायला गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ती गाडी चालती का रं आजून?"

"चालते, मामा."

त्यांनी उशाचा रुमाल ओढून माझ्या हातावर टाकला. हातात जोर राहिला नव्हता, तरी दाबलेली बोटं कळली. चार.

आठवड्याभरात मामा गेले. रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या बाजारातल्या लोकांसाठी लिहितो: चाऱ्याचं ते वाक्य माझं होतं. मामांनी भाव फिरवला नव्हता.