भावोजींचं शुद्ध रेकॉर्डिंग

आमच्या भावोजींएवढा मोठा ऑर्केस्ट्रा कंडक्टर हुबळी-धारवाडात झाला नाही, आणि त्यांच्याएवढा डोकं उठवणारा माणूसही झाला नाही. देशपांडे नगरात भांड्यांचं दुकान, पण जीव सगळा सिनेमातल्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात. ताल द्यायला अक्काची स्वेटर विणायची सुई हातात आली, की समोर कोण आहे हे त्यांना दिसायचंच नाही. गणपतीच्या आरतीला हे देवाकडं पाठ करून उभे. का, तर म्हणे तोंड वाजवणाऱ्यांकडंच पाहिजे. पोटच्या मुलीच्या लग्नात ह्यांनी मंगलाष्टकं मध्येच थांबवली. "भटजी, शेवटची ओळ परत! सूर उतरला." मुहूर्त टळत होता, विहीणबाईंचं तोंड लाल, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, पण भटजींनी ओळ परत म्हटली तेव्हाच अक्षता पडल्या.

नव्वदच्या आसपास प्रत्येक मंडळाला गणपतीत हेच हवे असायचे. मग कुणीतरी कीबोर्ड आणला. ढोलक त्यात, बासरी त्यात, सगळं त्यात. मंडळवाले म्हणाले, "अण्णा, आता वीस माणसांना कशाला जेवायला घालायचं?" ज्यांच्या मांडवात ह्या माणसानं घसा फोडला, त्यांनी हे तोंडावर सांगितलं! मेल्यांना लाजही वाटली नाही. ट्रंपेटवाला बेलूरच्या कारखान्यात लागला, ॲकॉर्डियनवाल्यानं वाद्य विकून टाकलं, आणि भावोजी दुकानात बसून पातेल्यांवर टिचक्या मारत राहिले.

उरली एकच कॅसेट, कुठल्याशा गणपतीतल्या कार्यक्रमाची. त्यात वाजवणारे सगळे ऐकू येत. हात हलवणाऱ्याचं काय ऐकू येणार? ऐकू यायचं ते त्यांचं अर्धं कानडी, अर्धं मराठी ओरडणं. "ए ढोलक, निधान! हळू रे, गाडी चुकणार आहे का तुझी?" आम्ही पोट धरून हसायचो आणि ते भडकायचे. "माझं एवढं एकच मागं राहणार, आणि त्यातसुद्धा हे कुत्र्यासारखं भुंकणं!"

शेवटच्या आजारपणात त्यांनी हट्टच धरला. नवनगरात एकजण जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर साफ करून सीडी करून द्यायचा. त्याच्या मानगुटीवर बसून भावोजींनी आपला एकेक शब्द काढायला लावला. जिथं ते ओरडले होते तिथं दुसऱ्या कडव्यातला तुकडा जोडला. घरी येऊन कॅसेटची फीत स्वतःच्या हातानं ओढून तोडली, पुन्हा कुणी हसायला नको म्हणून. सीडी ऐकून म्हणाले, "आता शुद्ध झालं." त्यांना इतकं समाधानी मी कधी पाहिलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला पाहुणे पांगल्यावर अक्का म्हणाली, "लाव की रे ते." मी सीडी लावली. ढोलक, ट्रंपेट, बासरी, सगळं कसं चोख. मला राग आला. मंडळवाल्यांचा आला, त्या कॉम्प्युटरवाल्याचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भावोजींचाच आला. अक्का गाणी संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ह्यात हे कुठं आहेत?"

"अक्का, हे सगळं त्यांचंच की गं. त्यांच्या हातावरच तर वाजतंय."

"असेल बाबा," ती म्हणाली. "मला ऐकू येईनात."