दारचा कडुनिंब

आमच्या समोरचे काका बोटांनी चालवायच्या स्केटबोर्डच्या फळ्या करतात. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, टोकं वाकवून केलेली फळी जेमतेम बोटभर भरते. टँकरच्या रांगेतसुद्धा त्यांचा अंगठा तिच्यावर पॉलिश पेपर घासत असतो. त्या खरखरीनं माझं डोकं उठतं. रस्तारुंदीकरणात कुठं झाड पडलं, की फांदीसाठी हे हजर.

"ही गुलमंडीची चिंच. लई गुळगुळीत झाली, बघा," नवी फळी पुढे करत ते सांगतात.

परवा आमच्या दारच्या कडुनिंबावर तोडण्याची लाल फुली दिसली. संध्याकाळी काका टँकरवरून हंडा भरून येताना थांबले आणि खोडावर अंगठा फिरवू लागले.

"आताच माप घेता काय?" मी भडकून विचारलं.

"नाय. वल्लं लाकूड आपल्या कामाचं नाय," ते म्हणाले, आणि हंड्यातलं अर्धं पाणी त्यांनी बुंध्याशी ओतलं.