उन्हातही चांदण्यासारखा

घनसावंगीच्या बाजारात साजिदचं गाद्यांचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, गाद्यांच्या थप्पीला पाठ टेकून त्याची बायको महजबीन दुपारभर फोनची स्वप्नं बघायची. बघायची म्हणजे लिहायची. तिच्या बाबतीत दोन्ही एकच. पुढे कापूस पिंजला जायचा, त्याचे तंतू दारातल्या उजेडात तरंगत आत यायचे, आणि त्या धुकटातून एकेक फोन तिच्यासमोर अलगद उतरायचा. निळा, जांभळा, कडेला सोनेरी. पाठ नुकत्याच न्हायलेल्या बाळाची. पडदा ताटलीतल्या खरवसासारखा, बोट लावलं तर थरथरेल असा.

बोट मात्र तिनं एकालाही लावलं नव्हतं.

आधी असं नव्हतं. पुण्याची नवे फोन पारखणारी एक वेबसाइट होती. तिथं कल्याण नावाचा माणूस एकेक फोन आठवडाभर खिशात घालून हिंडायचा, पावसात भिजवायचा, एकदा तर त्यानं जिन्यावरूनही पाडून बघितला. मग लिहायचा. मराठी घेऊन बी.ए. झालेली महजबीन घरबसल्या त्याचं शुद्धलेखन तपासायची. पुढे फोन यायचे बंद झाले, नुसती कंपन्यांची पत्रकं येऊ लागली. कल्याण संपादक झाला. पत्रकाचं मराठी करा; सकाळी हवं, दुपारी हवं, आत्ता हवं. वर तो आपला मथळा चिकटवायचा : 'हा फोन बघाल तर जुना फेकाल!' आणि दिवाळी सरता सरता त्याचा निरोप आला, "मॅडम, आता लेख यंत्रच लिहिणार. तुम्ही फक्त मानवी स्पर्श टाका. हातात घेतल्यावर कसं वाटतं, वगैरे. नाव तुमचंच राहील."

"छूके देखी क्या गे?" सासू जुबेदा दारातून विचारायची. कापसापासून सुनेपर्यंत सगळं बोटांनी चाचपून बघायची तिची सवय.

"नहीं, अम्मी."

"हमारे यां तो गादी भी दबाए बगैर नै लेते लोगां."

महजबीन हसायची आणि लिहायची, 'भर उन्हातही पडदा चांदण्यासारखा स्पष्ट.' हे तिचं लाडकं वाक्य. कुठल्याही फोनला शोभायचं.

एका सकाळी शेजारची दुर्गाबाई पिशवी घेऊन आली आणि गादीवर टेकली.

"उद्या जालन्याला चालले गं. डोळ्याच्या डॉक्टरकडं."

"काय झालं, मावशी?"

"मोतीबिंदू आला."

"कुणी सांगितलं?"

"तूच की!"

महजबीनला काही कळेना. दुर्गाबाईनं पिशवीतून फोन काढला. निळा, कडेला सोनेरी. "तूच न्हाई का लिव्हलं, हा उन्हात चांदण्यावानी दिसतो म्हणून? आमच्या शिवाजीनं वाचून दाखवलं. मी म्हन्लं, महजबीनचं हाये, खोटं असायचं न्हाई, हाच घे. घरात बराबर दिसतो. वावरात गेलं की नुस्ता अंधार. झुंबरबाईचं असंच झाल्तं, उन्हात दिसंना. मंग कापावा लागला डोळा." तिचा आवाज खाली आला. "साधना दुपारी लावती फोन, पोरगी जागी असती तवा. तिकडून म्हणती, आई बघ, हसली बघ. मला काहीच दिसत न्हाई. आता मी उचलतच न्हाई. लेकीला काय सांगू, तुझी माय आंधळी होऊन राह्यली?"

साधना दुर्गाबाईची लेक, पुण्याला दिलेली. दुसरं बाळंतपण तिकडंच झालं होतं. नातीला आजीनं अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

महजबीनच्या तोंडाशी शब्द आले, पण नुसत्या शब्दांवर तिचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. ती म्हणाली, "जालना राहू द्या. आधी मी तुमच्याबरोबर वावरात येते."

कापूस फुटला होता. दोघी सऱ्यांमधून चालल्या तेव्हा महजबीनला वाटलं, आपल्याच खोलीतली रुई इथवर तरंगत आली आणि झाडांवर बसली. दुर्गाबाईनं पदराची ओटी बांधून वेचणी सुरू केली. दुपारी, ऊन डोक्यावर आलं तेव्हा, ओटीतला फोन वाजला.

महजबीननं तो हातात घेतला. पहिल्यांदा. वाटला होता त्याहून जड. पाठ बाळाची नव्हती, साबणदाणीची होती. आणि पडद्यात तिचं स्वतःचं तोंड होतं. तोंडामागे आभाळ, आभाळात एक घार. ती बघतच राहिली. इतकं शांत, इतकं लांबचं, जणू विहिरीत वाकून बघावं. त्या तळातून साधनाचा आवाज येत होता, "आई? आई, दिसतंय का?"

"बघ, न्हाई दिसत ना?" दुर्गाबाई घाबरून म्हणाली.

महजबीननं ओढणी काढली आणि दोघींच्या डोक्यावरून फोनवर ओढून घेतली. हिरवट सावली पडली. त्या सावलीत, पाण्यातून वर यावं तसं एक तोंड वर आलं. टाळूवर तेल, ओठांवर दुधाची साय.

"अगं बाई!" दुर्गाबाई ओरडली. "नाक माझं हाये हिचं!"

बोलणं संपलं तरी दोघी ओढणीखालीच होत्या.

"म्हणजे डोळे चांगले हायेत माझे?"

"चांगलेत, मावशी. मलाही उन्हात नाही दिसलं. मी तो फोन न बघताच लिहिलं होतं."

दुर्गाबाईनं ओढणी बाजूला सारली. "न बघता कुणी पोरगी देत न्हाई गं. तू फोन दिला?" मग ओटीतला कापूस हलेपर्यंत हसली. महजबीनला हसू आलं नाही.

घरी आली तर त्याच फोनवर यंत्राचा आणखी एक लेख येऊन पडला होता. तिनं त्यात स्पर्श टाकला : 'फोन जड आहे. उन्हात काही दिसत नाही, ओढणी धरावी लागते.'

कल्याणचा फोन आला. "क्या बात है, मॅडम! ओढणी! हाच तर मानवी स्पर्श!"

संध्याकाळी लेख लागला. 'ओढणीच्या सावलीतही पडदा चांदण्यासारखा स्पष्ट.'

तिनं तो दुर्गाबाईला वाचून दाखवला. दुर्गाबाई म्हणाली, "आन ऊन? ऊन कुठं गेलं?"

"काढून टाकलं."

"येवढं मोठं ऊन!" दुर्गाबाईनं आभाळाकडे बघितलं.

महजबीननं कल्याणला लिहिलं, 'माझं नाव काढा. हात लावायला फोन पाठवाल तेव्हा लिहीन.' तसा एकही फोन आला नाही. तिच्या नावाच्या जागी आता दुसरंच कुणाचं असतं. दुपारी ती जुबेदाजवळ बसून गाद्यांना टाके घालते. तंतू तसेच तरंगत येतात, त्यांतून अजूनही एखादा जांभळा फोन उतरतो. ती त्याला बघते आणि जाऊ देते.

वेचणी संपत आली आहे. दुर्गाबाईचं वावर बाजारामागेच. तिचे दोन्ही हात कापसात, पदर ओटीत गुंतलेला. दुपारी बांधावरून हाक येते, "महजबीन, ओढणी घेऊन ये गं! जल्दी! हसून राह्यली ती!"