नाना फिटरचं फावडं

दसऱ्याला आमच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये लेथपासून पान्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. अपवाद एकच, लोखंडाचा चुरा भरायचं फावडं. नाना फिटर ते स्वतः उचलून जिन्याखाली ठेवायचा. एका वर्षी मी शहाणपणा करून त्याला झेंडूची माळ घातली, तर नानाने ती काढून माझ्याच हातात दिली. "याची पूजा सुनील आल्यावर. तोवर नाय."

सुनील म्हणजे त्याचा मेव्हणा. शीळफाट्याच्या एका एजंटाने परदेशात गोदामात हेल्परचं काम सांगितलं. नाना तयार झाला आणि कोपरला घरी बेकार बसलेल्या सुनीललाही त्याने सोबत घेतलं. तिकडे उतरल्यावर विमानतळावरच दोघांचे पासपोर्ट काढून घेतले गेले. गोदाम नव्हतंच, तिथे लढाई चालू होती. अंगावर लष्करी कपडे चढवले, हातात फावडी दिली आणि बंदुकीच्या धाकाने खंदक खणायला लावले. नाही म्हणणाऱ्याला उपाशी ठेवत. "आम्हाला विकलेलं रे," नाना म्हणायचा, "भंगार विकतात तसं."

गुडघ्यात बॉम्बचा तुकडा घुसला म्हणून नाना सुटला. लंगडा मजूर त्यांना नको होता. सुनील तिथेच राहिला.

नाना तसा खवटच. कुणी परदेशी नोकरीचं बोललं की त्याचा एकच सवाल, "पासपोर्ट कुणाच्या खिशात राहणार?" उत्तर अडखळलं की फॉर्म फाटलाच. माझ्या भावाचा फाडला तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. तो भाऊ आज घरी आहे, सुखात आहे.

दर सोमवारी अर्धी रजा टाकून नाना सुनीलच्या कागदांची फाईल घेऊन सरकारी कचेरीत जायचा. तिथला कारकून वैतागून म्हणायचा, "काही कळलं की फोन करू." नाना म्हणायचा, "फोन नको. मी येतो."

"नाना, तीन वर्षं झाली. किती चकरा मारशील?" मी एकदा विचारलं.

"मी नेलेला त्याला. आणायला दुसरा कोण जाणार?"

यंदा श्रावणात हृदयविकाराने नाना गेला. तेराव्याला वहिनींनी फाईल माझ्यापुढे ठेवली. सुनील त्यांचा एकुलता एक भाऊ. मला तिथेच रडू कोसळलं.

दसऱ्याला कुणी न सांगता पोरांनी फावडं जिन्याखाली ठेवलं. मीही माळ आणली नव्हती.

पुढच्या सोमवारी कचेरीत गेलो. कारकुनाने माझ्यामागे पाहिलं. "ते लंगडणारे काका?"

"गेले."

त्याने समोरचं रजिस्टर मिटलं. मग नेहमीसारखं म्हणाला, "काही कळलं की फोन करू."

"फोन नको," मी म्हटलं. "मी येतो."