मूळ स्टिअरिंगसकट जीप विकणे आहे

निसर्ग वादळाने आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांची छपरं उडवली. हरिश्चंद्र आरेकरच्या गोठ्याचं छप्पर तर जसंच्या तसं उचललं आणि शेजारच्या पोफळीच्या बागेत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर हरिश्चंद्र उघड्या गोठ्यात उतरला, तर पेंढ्याखालून त्याच्या वडिलांची जीप वर आली होती.

भिकाजी आरेकरांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. साठ-बासष्ट सालचं मॉडेल. तिच्यातून ते सुकी मासळी खेडच्या बाजाराला न्यायचे. ते वारले तेव्हा जीप गोठ्यात गेली आणि हरिश्चंद्र बोटीवर गेला. सत्तावीस वर्षं त्याने मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटरचं काम केलं. वर्षातले नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी, आणि ते तीनही नेमके पावसाळ्याचे. वाडीतल्या पोरांना तो छत्रीतला माणूस म्हणूनच ठाऊक होता. त्या वर्षी मात्र तो शिमगा आटोपल्यावर मार्चात उतरला, महामारी आली, आणि कंपनीने परत बोलावलंच नाही.

जीपकडे त्याने बराच वेळ पाहिलं. चासी होती, इंजिन होतं, चार चाकांच्या जागी चार चिरे होते.

"बॉनेट कुठाय?" त्याने घराकडे तोंड करून विचारलं.

"हौसाकाकूच्या खुराड्यावर," सगुणा आतून म्हणाली. सगुणा म्हणजे त्याची बायको.

"हॉर्न?"

"शाळेत."

"पुढची सीट?"

"विनोदच्या दुकानात. गिऱ्हाइकाला दाढी करायला बसवतो तिच्यावर."

"अगं, कोणाकोणाला काय काय दिलंस?"

"लोक मागायला येत. पडूनच होती ती. तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्ही ब्राझीलला."

हरिश्चंद्रला राग आला नाही, पण त्याला जेवण गेलं नाही. जहाजावर पाना जागेवर नसला तरी तो अस्वस्थ व्हायचा, इथे तर अख्खी जीप गावभर पांगली होती. त्याने ठरवलं, ती गोळा करायची, चालती करायची आणि चांगलं गिऱ्हाईक बघून विकायची. सगुणाने विचारलं, विकायचीच आहे तर एवढी खटपट कशाला? तो म्हणाला, "अर्धी वस्तू विकत नाहीत."

सुरुवात त्याने हौसाकाकूपासून केली. म्हातारीचं म्हणणं साधं होतं. बॉनेट ने, पण आधी कोंबड्यांना घर दे. हरिश्चंद्रने तीन आठवडे खपून खुराडं बांधलं. त्याला दोन मजले होते, वारा खेळायला गोल खिडक्या होत्या, पाणी निघायला नळी होती आणि वरच्या मजल्याला कठडा होता. कोंबड्या आत जाईनात. हौसाकाकू म्हणाली, "कोंबड्यांना पटल्याशिवाय मी कशी हो म्हणू?" आठ दिवस हरिश्चंद्र रोज सकाळी तांदळाच्या कण्या घेऊन खुराड्यापुढे उकिडवा बसायचा आणि कोंबड्यांची समजूत घालायचा. नवव्या दिवशी कोंबडा वरच्या मजल्यावर चढून आरवला. त्याच दुपारी बॉनेट घरी आलं.

मग तो शाळेत आला. शाळेतला गुरुजी मीच. आमची पितळी घंटा चोरीला गेल्यापासून जीपचा हॉर्न जुन्या बॅटरीला जोडून आम्ही तास संपवत होतो. मी म्हणालो, घंटा द्या आणि हॉर्न न्या. त्याने अस्सल जहाजी घंटा आणून टांगली, वर जहाजी पद्धतही शिकवली. दहा वाजता चार ठोके आणि बाराला आठ, मधल्या दर अर्ध्या तासाला एकेक वाढता. महामारीनंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा मुलांना हे दोन दिवसांत समजलं. मला अजून बोटांवर मोजावं लागतं. विनोदने सीटच्या बदल्यात फिरती खुर्ची मागितली. ती त्याला मिळाली, पण ती एकाच दिशेने फिरते.

दीड वर्षात जीप उभी राहिली. रंग हिरवा, टप खाकी, इंजिनाचा आवाज मांजरासारखा. फक्त स्टिअरिंग मिळत नव्हतं, म्हणून खेडच्या भंगारवाल्याकडून दुसरं आणून बसवलं. सगुणाला त्याबद्दल विचारलं की ती "बघू" म्हणायची आणि उठून चुलीकडे जायची. त्याची मुलगी आरोही हिने फोटो काढून मोबाइलवर टाकले, आणि चौथ्या दिवशी सांगलीहून एक गिऱ्हाईक आलं.

त्यांचं नाव डॉक्टर शुभंकर, दातांचे. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. आल्या आल्या त्यांनी खिशातून दात बघायचा इवलासा आरसा काढला, पाठीवर झोपून जीपखाली गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. खालून फक्त आवाज यायचा. "इथं थोडी कीड आहे. इथं भरलंय, छान भरलंय. हे कोणी भरलं?"

"मीच," हरिश्चंद्र वाकून म्हणायचा.

बाहेर येऊन डॉक्टर गाडीत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही कवळी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"स्टिअरिंग मूळचं नाही. बाकी सगळं तोंड खरं आणि पुढचा दात खोटा, असं कसं घेऊ मी? मूळचं आणा, भाव तुम्ही म्हणाल तो."

डॉक्टर गेल्यावर हरिश्चंद्र सगुणाच्या समोर जाऊन बसला. आता तिला चुलीकडे जाता येईना.

"दीपककडे आहे," ती म्हणाली. "नमनात."

आमच्या वाडीचं नमन, म्हणजे देवादिकांच्या सोंगांचा खेळ, पंचक्रोशीत नावाजलेलं. शिमग्याला होतं. त्यात दीपक वायरमन सोळा वर्षं कृष्णाचं काम करतो. मंडळाचं पुठ्ठ्याचं सुदर्शन चक्र उंदरांनी खाल्लं, तेव्हा सगुणाने जीपचं स्टिअरिंग काढून दिलं होतं. त्याला सोनेरी कागद लागला, कडेला आरशाचे तुकडे लागले. मधल्या भोकात बोट घालून दीपक ते फिरवायचा तेव्हा बायका हात जोडायच्या. सत्तावीस वर्षांत एकही शिमगा न पाहिलेल्या हरिश्चंद्रला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, आणि तो आल्यानंतरच्या शिमग्याला महामारीमुळे नमन झालंच नव्हतं.

तो दीपककडे गेला. दीपक विजेच्या खांबावर होता. तिथूनच म्हणाला, "चाक नाय ते, हरीदादा. चक्र हाय. सोळा वरसं पूजा होते त्याची."

"तुला दुसरं करून देतो. याच्याहून चांगलं."

त्याने पहिलं चक्र पितळेचं केलं. दिसायला सुरेख, पण वजन सात किलो. दीपकने ते बोटावर घेऊन हात वर केला, तो हात तीन दिवस खाली आला नाही. दुसरं ॲल्युमिनियमचं केलं. ते मंडळातल्या कोणालाच पटलं नाही. "कृष्ण जेवायला ताट मागतोय असं वाटतं," असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटी ठरलं, देवाला विचारू. एका सोमवारी सकाळी सगळे भैरीच्या देवळात जमलो. गुरवाने मूर्तीला दोन कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"म्हाराजा, जीपचं चक्र द्यावं काय?" गुरवाने विचारलं.

डावी पडली. दीपकने सुस्कारा सोडला.

हरिश्चंद्र म्हणाला, "आता उलट विचारा."

"म्हाराजा, चक्र मंडळाकडेच ठेवावं काय?"

पुन्हा डावी पडली.

 देव द्यायलाही नाही म्हणत होता आणि ठेवायलाही. गुरवाच्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कोणी म्हणालं कळ्या नीट ओल्या केल्या नाहीत, कोणी म्हणालं देवाला जीप म्हणजे काय ते समजलं नसेल. मग एका म्हाताऱ्याने देवाला दहा मिनिटं जीप समजावून सांगितली. इंजिन, चार चाकं, पेट्रोल, सगळं. तरी प्रश्न तिथेच.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सगुणा म्हणाली, "मग असं विचारा, शिमग्यापुरतं परत आणायच्या बोलीवर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली.

डॉक्टरांना फोन हरिश्चंद्रनेच केला. दरवर्षी शिमग्याचे पाच दिवस स्टिअरिंग देवाचं, उरलेले तुमचं, असं त्याने एका दमात सांगितलं.  मग डॉक्टरांनी विचारलं, "पण ते मूळचं आहे ना?"

"मूळचंच."

"मग स्टँपपेपरवर लिहा."

तसं लिहिलं. अट क्रमांक चार, 'सुदर्शन चक्राबाबत'. सोनेरी कागद आणि आरसे ठेवायचे की काढायचे यावर वाद झाला, शेवटी आरसे काढून कागद ठेवला. जीप गेली त्या दिवशी हौसाकाकूने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. गाडी वळणाआड गेली तरी हरिश्चंद्र गोठ्यात उभाच होता. मग चार रिकामे चिरे त्याने एका ओळीत लावून ठेवले.

डॉक्टर शब्दाला जागले. शिमग्याला जीप घेऊन आले, हरिश्चंद्रने नट खोलून स्टिअरिंग दीपकच्या हातात दिलं, आणि तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की आता पाच दिवस त्यांना कुठेच जाता येणार नाही. भंगारवाल्याची कवळी बसवून घ्यायला ते तयार नव्हते. सगुणाने त्यांना ओटीवर अंथरूण दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी नुसते मासे खाल्ले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्यासमोर आ केला. तिसऱ्या दिवशी आरेकरांच्या अंगणात रांग लागली. माणसं बिनस्टिअरिंगच्या जीपच्या पुढच्या सीटवर बसत, मान मागे टाकत, आणि डॉक्टर दारातून वाकून आत बघत.

नमनाच्या दिवशी दीपकही त्या सीटवर जाऊन बसला. दाढ महिनाभर दुखत होती. डॉक्टर म्हणाले, आज नको. दीपक म्हणाला, आजच, नाहीतर चक्र फिरवताना कळ येईल. दाढ निघाली. संध्याकाळपर्यंत कृष्णाचा उजवा गाल नारळाएवढा झाला आणि तोंडातून शब्द फुटेना.

सगळ्यांची धांदल उडाली. बाकीचे सगळे सोंगांत, मी पेटीवर. कृष्णाचं बोलणं पाठ असलेला मोकळा माणूस एकच निघाला. कराराप्रमाणे चक्राची जबाबदारी आपली म्हणून हरिश्चंद्र महिनाभर रोज तालमीला कोपऱ्यात येऊन बसत होता.

"मी? मला जमायचं नाही," तो म्हणाला. 

"पडद्यामागून बोलायचंय फक्त," मी म्हणालो. "तोंड दीपक हलवेल."

तोंड दीपकला हलवता आलं नाही, पण हरिश्चंद्र बोलला. आयुष्यभर इंजिनाच्या धडधडीत बोलायची सवय, त्यामुळे कृष्णाने राधेच्या कानात हळूच विचारायचं ते बंदरापर्यंत ऐकू गेलं. पेंद्याला हाक मारताना मध्येच "जल्दी करो, जल्दी!" असं तोंडातून गेलं. लोक पोट धरून हसले. चक्र फिरलं तेव्हा मात्र त्याने अशी आरोळी ठोकली की डॉक्टरसुद्धा उभे राहिले.

संपल्यावर तो पडद्यामागून बाहेर आला, सदरा घामाने चिंब. सगुणाला शोधून काढलं.

"बरा बोललो ना?"

"बरं बोललात," ती म्हणाली. "राधा जरा घाबरली."

गेल्या डिसेंबरात त्याला मुंबईहून बोटीच्या एजंटचा फोन आला. नऊ महिन्यांचं काम होतं, पगार चांगला. मी तेव्हा त्याच्या ओटीवर बसलो होतो. हरिश्चंद्रने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला मार्चला, शिमग्याच्या आधी, उतरवाल काय?" एजंट काहीतरी बराच वेळ बोलला. "मग नको," असं म्हणून हरिश्चंद्रने फोन ठेवला, आणि कोरफडीचं पाणी पिऊन घसा मोकळा होतो हे खरं का, असं मला विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. खडीसाखर घेऊन बघा.